केमिस्टसाहेबांचा समुद्र

आमच्या कारखान्याच्या कॉलनीत समुद्र होता असं मी सांगते, तेव्हा माझी नातवंडं एकमेकांकडं बघून हसतात. हसू देत. जिथं बोअरला पाणी लागलं की लोक पेढे वाटायचे, त्या आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, शेजारच्या क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत चांगला खारा समुद्र होता आणि त्यात जिवंत पोवळी होती. मी तो रोज पाहिलाय, आणि वेळ आली तेव्हा सांभाळलाय पण.

समुद्राचे मालक म्हणजे कारखान्याचे मुख्य केमिस्ट. नाव सांगून काय करायचंय, कॉलनीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. सगळे केमिस्टसाहेबच म्हणत. सहकारी कारखाना नवा होता, क्वार्टरही नवी, एका ओळीत तीन घरं आणि पुढं सामाईक व्हरांडा. आमच्या ओळीत पहिल्या घरात आम्ही. मी कारखान्याच्या शाळेत शिक्षिका आणि आमचे हे वजनकाट्यावर. मधल्या घरात केमिस्टसाहेब, एकटे. तिसऱ्या घरात स्टोअरकीपर आणि त्याची म्हातारी आई. म्हातारी उमरग्याच्या पलीकडची, निम्मं कानडी बोलणारी, कपाळाला विभूती, गळ्यात शिवलिंग. तिला लहानथोर सगळे अव्वा म्हणायचे.

साहेब उंच, हडकुळे, खिशात पेनाच्या जागी काचेची नळी. सगळा जन्म साखरेत गेल्यामुळं त्यांना गोडाचा वीट आला होता. चहात साखरेऐवजी चिमूटभर मीठ घालायचे. लग्नात जेवायला बसले की त्यांच्या पानातली बुंदी शेजाऱ्याच्या पानात. काहीही सांगायला जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मोजलंत का?" ऊन लई आहे म्हणा, मोजलंत का? पोरीला ताप आहे म्हणा, मोजलात का? एकदा शाळेत त्यांना भाषणाला बोलावलं आणि आमचे मुख्याध्यापक बोलून गेले की आमचा आनंद गगनात मावत नाही. मी जीव मुठीत धरून साहेबांकडं पाहिलं. ते गप्प बसले, पण ओठ हलले होते.

माणूस भूमकडचा, कोरड्या मुलखातला. बाप-आजा कुणी समुद्र पाहिलेला नाही. पुण्याला शिकत असताना मित्राच्या लग्नाला मालवणला गेले, आणि ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात त्यांना फुलं दिसली. बोट लावलं तर फूल मिटलं. म्हणजे जनावर. भरतीचं पाणी कमरेला लागेपर्यंत हा माणूस तिथंच बसून राहिला आणि तिकडं लग्न लागून गेलं. तेव्हापासून त्यांचा समुद्रावर राग होता. एवढं पाणी आणि आपल्या बाजूला एक थेंब नाही म्हणजे काय, असं ते तालुक्याचं धरण दुसऱ्यानं पळवल्याच्या सुरात बोलायचे. शेवटी समुद्र काही आपल्याकडं येत नाही म्हटल्यावर तेच त्याला आणायला गेले.

आणला तोही साखरेच्या ट्रकमधून. साखर उतरवून कोकणातून रिकामा परतणारा ट्रक असला की ड्रायव्हरकडं प्लास्टिकचे ड्रम द्यायचे आणि बजावायचं, काठावरचं पाणी नको, होडीतून आत जाऊन भर. एकदा नाक्यावर दारूबंदीवाल्यांनी ट्रक अडवला. साखर कारखान्याचा ट्रक आणि त्यात झाकणबंद ड्रम, म्हणजे मळीची दारू, दुसरं काय असणार? ड्रायव्हर शपथा घेऊन सांगतोय की समुद्राचं पाणी आहे, आणि शिपाई म्हणतोय, तुळजापूरच्या रस्त्यावर कसला रे समुद्र? अखेर शिपायानं पेला भरून मोठा घोट घेतला आणि जागच्या जागी ओकला. ट्रक सुटला. साहेबांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की त्यानं पाण्यात बुडवलेला पेला धुतलेला होता का.

टाकी भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. वर ट्यूबलाइटा, मागं हवेचा पंप दमेकऱ्यासारखा घरघरत असायचा. पोवळं म्हणजे मला सोनाराकडचा लाल मणी माहीत. हे निराळंच काही होतं. एक गोल, हिरवट, मेंदूसारख्या वळ्यांचं, दगडासारखं टणक. एक पिवळसर, मऊ चामड्याचं, बोटं वर करून उभं. आणि एका खडकावर बटणाएवढी तपकिरी फुलं, शेकड्यांनी, सगळ्यांची तोंडं उजेडाकडं.

साहेब म्हणायचे, एकच जात पाळणं कुणालाही जमेल. वेगवेगळ्या जाती एका पाण्यात नांदवणं ही खरी परीक्षा. दिवसा सगळे साधू. दिवा मालवला की तो मेंदू लांब लांब दोरे बाहेर सोडतो आणि वीतभरात जो सापडेल त्याला भाजून काढतो. चामड्याचं पोवळं कुणाला हात लावत नाही, पण पाण्यात असं काही सोडतं की लांबच्या दगडी शेजाऱ्याची वाढ खुंटते. बटणं तशी गरीब. ती फक्त पसरत जातात आणि ज्याच्यावर चढतील त्याचा उजेड बंद करतात. म्हणून मेंदूच्या भोवती मोकळी जागा, बटणांना वेगळा खडक आणि मध्ये वाळूची पट्टी, चामड्याला पाणी जिकडं वाहत जातं त्या कोपऱ्यात, म्हणजे त्याचं विष दुसऱ्याच्या अंगावरून जायला नको. हे त्यांना पुस्तकातून मिळालेलं नव्हतं. कित्येक पोवळी मारून, हळहळून, पुन्हा मालवण गाठून ते शिकले होते.

नावंही त्यांनीच ठेवलेली. बटणं म्हणजे संचालक मंडळ. चामड्याचं ते सल्लागार. आणि मेंदू चेअरमन.

कारखान्याचे खरे चेअरमन एकदा पाहुण्यांना घेऊन समुद्र दाखवायला आले. ढोकीकडून, सोलापूरकडून माणसं बघायला यायची, म्हणून त्यांना त्याचा मोठा अभिमान. त्यांनी हौसेनं एकेकाचं नाव विचारलं. आमच्या ह्यांनी साहेबांना मागून चिमटा काढला, पण खोटं बोलणं त्या माणसाला जमतच नव्हतं. निदान तोवर तरी.

"हे चेअरमन," साहेब म्हणाले.

चेअरमन खूश. काय करतात हे, असं त्यांनी विचारलं.

"दिवसभर काही नाही. जागा सोडत नाहीत. अंधार पडला की जवळच्याला भाजतात."

आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. चेअरमन वाकून बराच वेळ बघत राहिले, मग पाहुण्यांकडं वळून म्हणाले की बघा, सहकार समुद्रातसुद्धा आहे. माणूस उगीच नव्हता निवडून येत.

ह्या अंतराच्या नियमाचं साहेबांना भारी कौतुक. टँकरवर बायका भांडल्या, दोन भाऊ वाटणीला बसले, कारखान्यात दोन गट पडले, सगळ्यावर त्यांचं एकच औषध. वीतभर अंतर ठेवा, एकाच पाण्यात सुखानं नांदाल. एका संध्याकाळी व्हरांड्यात हे चाललं होतं आणि मला राहवलं नाही. आम्ही बौद्ध. माझ्या वडलांनी छपन्न सालानंतर दीक्षा घेतली, आणि आमच्या सास्तूरकडच्या गावात कुठली विहीर कुणाची हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक आहे.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावानं पण अंतर मोजूनच ठेवलं होतं. नांदत होते सगळे. सुखानं कोण नांदत होतं, ते विचारा."

साहेब उठून आत गेले. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आता आपली बदली ठरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आमच्या दारात उभे, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट. "बाई, निष्कर्ष मागं घेतो," म्हणाले. "प्रवाळाचा नियम प्रवाळापुरता. माणसांवर मी तो तपासलाच नव्हता." आणि गेले कामावर. त्यानंतर तो सल्ला त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. चूक अशी उभ्या उभ्या कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही थोडेच पाहिले.

अव्वाही सुरुवातीला आमच्या घरचं पाणी घेत नव्हती. ते कधी सुटलं तिलाच ठाऊक. संध्याकाळी टाकीचे दिवे लागले की आम्ही दोघी साहेबांच्या खोलीत भुईवर बसून बघायचो. एकदा तिला ठसका लागला, मी माझा पेला पुढं केला, ती प्यायली. पेला माझ्या हातात देऊन पुन्हा टाकीकडं बघायला लागली.

अव्वानं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. टाकी म्हणजे तिची गंगा. आल्याबरोबर हात जोडायची. साहेबांनी एकदा समजावलं की अव्वा, ही फुलं नव्हेत, जनावरं आहेत. ती म्हणाली, असंनात की, गंगेत जनावरं असायचीच. जगातल्या प्रत्येकाची चूक काढणारा माणूस हिच्यापुढं मात्र मुकाट. कारण सरळ होतं. ती रोज त्यांना ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणून द्यायची आणि तम्मा म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तम्मा, जेवलास का? तम्मा, वाळलास की. आख्ख्या कारखान्यात त्या माणसाला साहेब सोडून दुसरी हाक मारणारं तेवढं एकच तोंड होतं.

मग ते कोरडे उन्हाळे आले, एकामागून एक. ऊस उभा वाळला, हंगाम अर्ध्यात आटोपला आणि साहेबांच्या समुद्राची पंचाईत झाली. टाकीतलं पाणी रोज उडून जातं, मीठ मात्र मागं राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच, नाहीतर टाकीचं मिठागर होईल. कारखाना चालू असताना ह्याची चिंता नसे. उसाचा रस आटवताना जी वाफ निघते तिचं पाणी अगदी शुद्ध. त्यात साखरेचा अंश नाही एवढं तपासून साहेब कॅन भरून आणायचे. कारखाना थांबला तशी वाफ थांबली. कॉलनीला टँकर सुरू झाला, प्रत्येक घराला ठरलेल्या घागरी, आणि हा गृहस्थ त्यातलं पिण्याचं पाणी काचेत ओततो ही बातमी टँकरपाशी पोचायला कितीसा वेळ लागणार?

बायका खवळल्या. मीही खवळले, का खवळू नये? घरात लहान लेकरू, त्याचे कपडे धुवायला पाणी नाही. मी गेले आणि तोंडावर विचारलं. साहेबांनी मला त्यांची मोरी दाखवली. कोरडी ठणठणीत, कोपऱ्यात कोळ्यानं जाळं केलेलं. अंघोळ बंदच होती, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि तेच फडकं टाकीला गुंडाळलेल्या बारदानांवर पिळायचं, म्हणजे माठासारखं आतलं पाणी थंड राहतं. "माझ्या वाटणीचंच आहे, बाई," एवढंच म्हणाले. मी परत आले. बायकांना सांगितलं की कुणी काही बोलायचं नाही. आपण फक्त पावसाच्या वाऱ्याची वाट बघत बसायचं.

त्याच उन्हाळ्यात साहेबांचं जुनं अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, दुखणं बळावलं. आतडं अडकलं, ताबडतोब सोलापूरला न्या, वाचले तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर जीप उभी, आणि साहेब दुखण्यानं दुहेरी वाकलेले असताना मला समुद्र शिकवत होते. काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी. बारदानं सुकू द्यायची नाहीत. वीज गेली तर पंप बंद पडतो, मग पेल्यापेल्यानं पाणी उंचावरून ओतायचं. कुणाचाही हात आत नको, साबणाचा नको, तेलाचा नको. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "बाई, मी गेलो तर कारखाना दुसरा केमिस्ट नेमेल. ह्यांना दुसरं कुणी नाही."

मी जिवाचं रान केलं. आमच्या घागरीतलं पाणी दिलं, भर दुपारी शाळेतून पळत येऊन बारदानं भिजवली. अव्वा दिवसभर तिथंच बसून माश्या वारायची आणि शिवाचं नाव घ्यायची. तरी एका सकाळी संचालक मंडळानं तोंडं उघडली नाहीत. मला वाटलं, उजेड कमी पडला असेल. मग सल्लागाराची बोटं लोंबायला लागली. मग चेअरमनच्या कडेनं मांस सुटून खालचं पांढरं हाड दिसायला लागलं. आमचे हे एसटीनं सोलापूरला गेले. साहेब ऑपरेशनमधून वाचले होते, पण अजून उठता येत नव्हतं. त्यांनी निरोप धाडला की राखीव ड्रममधलं समुद्राचं पाणी घालून टाकीतलं निम्मं पाणी बदला. बदललं. दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. माझी काय चूक झाली, हे मी अव्वाला विचारायची. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. माझी चूक नव्हतीच, ते मी आजही ठासून सांगते.

साहेब आले ते पोटाला धरून. बसा म्हटलं तर बसले नाहीत, टाकीपुढं उभे राहिले. मी काय काय केलं ते सांगायला लागले, पण त्यांनी हात वर केला. काचेची कांडी घेतली आणि सावकाश वाळू चाळायला लागले. मागच्या कोपऱ्यात, चेअरमनच्या खडकाआड, कांडी कशावर तरी वाजली. त्यांनी बाही सारून ती वस्तू बाहेर काढली. राजाचं तोंड असलेला जुना तांब्याचा पैसा, हिरवागार पडलेला.

"तांबं," साहेब म्हणाले. आपल्याला तांब्याच्या भांड्यातलं पाणी गुणकारी, पण ह्या जनावरांना त्याचा अंशसुद्धा जहर, आणि हा पैसा रोज थोडा थोडा पाण्यात उतरत होता. मग ते माझ्याकडं वळले. एका हातानं टाके घातलेलं पोट धरलेलं, दुसऱ्या हातात तो पैसा माझ्यापुढं धरलेला. कुणी टाकला, असं त्यांनी ओरडून विचारलं. मला ठाऊक असतं तर मी त्याला तिथंच सोलून काढला असता.

तेवढ्यात दारात अव्वा आली, हातात झाकलेली वाटी.

"आलास तम्मा? येणारच की," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. "तुज्या गंगंत म्या पैसा टाकला. माज्या आईनं दिल्याला, लई जपला हुता. गंगंला मोकळ्या हातानं काय मागू न्हाय. म्हणलं, माज्या तम्माला जित्ता माघारी धाड."

पैसा साहेबांच्या मुठीत होता. ज्या पोवळ्यांसाठी ह्या माणसानं उन्हाळाभर अंघोळ सोडली ती समोर मरत पडलेली. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटून घेतलं.

"म्हणूनच आलो, अव्वा," साहेब म्हणाले. "डॉक्टरसुद्धा म्हणाला, कसा वाचलास कळंना."

अव्वा काचेला नाक लावून बघत होती. "पैसा दिसंना की रं."

साहेबांनी मूठ मिटलेलीच ठेवून हात पाण्यात घातला, आणि पैसा अगदी समोरच्या वाळूवर, तिला दिसेल असा ठेवला. "हा काय," म्हणाले, "जागच्या जागी आहे."

तिनं हात जोडले, त्यांना वाटीतलं आलं-गुळाचं पाणी पाजलं आणि गेली. तो गोड घोट त्यांनी तोंड न वाकडं करता घेतला. ती गेल्यावर आम्ही बादली आणली. मंडळातली मूठभर बटणं अजून धरून होती, तेवढी उरलेल्या ड्रमच्या पाण्यात घालून ह्यांनी सायकलवरून कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेली. तिथं काचेच्या बरणीत ती जगली, पुढं वाढलीही. चेअरमन आणि सल्लागार गेले.

मला मात्र चैन पडेना. मी म्हटलं, साहेब, तुम्ही उभ्या जन्मात खोटं बोलला नाहीत. तिला समजावून सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, ती काही खुळी नाही.

ते टाकीकडं बघत बसले होते. "बाई, माझ्यासाठी कुणी कधी काही मागितलं नव्हतं," म्हणाले. "तिनं मागितलं, आणि मी आलो. आता ते विष होतं हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?" आणि मग साहेब रडले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

टाकी त्यांनी मोडली नाही. ती फुलं कुठं गेली म्हणून अव्वानं विचारलं, तेव्हा कारखान्यात गार जागी ठेवलीत असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. पाऊस झाला, हंगाम सुरू झाला, ट्रक पुन्हा कोकणात जायला लागले. नवी पोवळी आणून त्या टाकीत सोडायची तर आधी पैसा काढावा लागला असता. साहेबांनी आणली ती सगळी प्रयोगशाळेतल्या बरण्यांत वाढवली, आणि घरातली टाकी तशीच भरलेली ठेवली. अव्वा होती तोवर तिथं रोज संध्याकाळी दिवे लागत. आत नुसते खडक, वाळू आणि मधोमध तो हिरवा पैसा. पूर्वी पोवळ्यांवर तास तास बोलणाऱ्या साहेबांना येणारा-जाणारा विचारायचा की एवढ्या मोठ्या टाकीत तुम्ही ठेवलंय तरी काय.

"अव्वाचा पैसा," साहेब म्हणायचे, आणि पाहुण्याला बसायला खुर्ची द्यायचे.